भाजलेली मुंडी चालणार नाही

मुंडीमास्तरांनी पहिल्याच दिवशी माझा माल माझ्या पायांवर फेकला. मेंढराची मुंडी आधी जाळावर भाजायची, केस खरवडायचे, मग फोडायची, ही आमच्या म्हसवडकडची रीत. मी चांगल्या खरपूस भाजून नेल्या होत्या.

"मला रस्सा करायचा न्हाई रं! आच लागली की मेंदूतलं सगळं मेलं. बर्फात आण."

मी तेव्हा सांगलीत मेंढरांचा व्यापारी. शून्यातून वर आलेला, कुणाचं ऐकून न घेणारा. "बर्फातल्या मुंडीचा भाव वेगळा," म्हटलं. मास्तर हसले आणि उलट भाव पाडूनच घेतला.

माणूस साताऱ्याचा, परदेशात शिकलेला, सांगलीत डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकवणारा; मुंड्या घेतो म्हणून बाजारात नाव मुंडीमास्तर. मेंदूच्या तळाशी काही पेशी डोपामीन बनवतात, त्यावर आपली हालचाल चालते. शरीरातलाच एक पदार्थ त्या पेशींवर नेमका कुठे बसतो, हे मास्तर शोधत. मेंदूचा पातळ काप, त्यावर किरणोत्सारी केलेला तो पदार्थ, वर एक्स-रेसारखी फिल्म. पदार्थ चिकटला तिथे फिल्म काळी. मग ओरडायचे, "जागा घावली!" माझ्या मालाची एवढी कदर दुसऱ्या कुणी केली नाही, म्हणून शिव्या खाऊनही मी जात राहिलो.

माझ्या वडिलांना, आबांना, कंपवात होता; ह्याच पेशी मरून होतो तो. त्यांना मास्तरांकडे नेलं.

"औषध द्या," मी म्हणालो.

"ते दवाखान्यात. मी बरं करत न्हाई, मी बघतो." आणि आबांच्या हातांकडे न बघता डोक्याकडे बघत म्हणाले, "आबा, मेल्यावर हे मला द्याल?"

मी त्यांची कॉलर धरली. आबा थरथरतच हसले. "सोड रं त्यास्नी. मास्तर, त्यात काय दिसंल?"

"कुठली जागा गेली, ते."

"मग घ्या. पर माज्या पोराला दावा."

"फिल्मच देतो त्याला. शब्द हाय."

आबा गेले. मी मेंदू काढू दिला. पै घेतली नाही. तरी चुलते तिरडीला खांदा न देता म्हणाले, "बापाची मुंडीबी इकली ह्यानं."

काही महिन्यांनी मास्तरांनी बोलावलं. खिडकीशी दोन फिल्मा धरल्या. मेंढराच्या फिल्मवर दोन काळे डाग. आबांच्या फिल्मवर ते पुसल्यासारखे.

"बघ. बसायला जागाच उरली न्हाई."

मेंदू कशाला दिला, ते दाखवून चुलत्यांच्या तोंडावर मारायला मला तेवढीच हवी होती. मी हात पुढे केला.

"ही? ही परदेशी धाडणार हाय."

"मास्तर, शब्द दिला होता."

"मेलेल्याला दिला होता, गड्या."

त्यानंतर मी त्या दारात पाऊल टाकलं नाही.

पुढे मास्तर साताऱ्याला आपल्या घरी वारले. आपला मेंदू कॉलेजला द्यायचा, असा शब्द त्यांनी थोरल्या मुलाकडून घेतला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी माहुलीच्या घाटावर पोचलो, तर चिता रचलेली.

"शब्द दिला होतास ना रं?" मी थोरल्याला विचारलं.

"गेलेल्या माणसाला काय कळतंय, काका?"

एवढं बोलून त्यानं अग्नी दिला. लाकडं वाळलेली होती. आच लगेच लागली.