फिलोमिना टीचरनी लिहिलेला शेरा

फिलोमिना टीचर गेल्याचं मला मधल्या सुट्टीत कळलं. परळच्या आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी डबा उघडून बसले होते आणि माझगावच्या शाळेतल्या एका बाईंचा फोन आला. "वृषाली, टीचर गेल्या गं. पहाटेच. उद्या चारला चर्चमध्ये ये." मी हो म्हणाले, डबा बंद केला आणि पुढच्या तासाला सातवीच्या वर्गात जाऊन नकाशा भरून घेतला. कुणाला काही सांगितलं नाही. त्या माझ्या कोण होत्या हे सांगायचं तर एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती मी आठ वर्षं घरीदारी कुणालाच सांगितली नव्हती... टीचरना जाऊन आता पाच आठवडे झाले. आता सांगते.

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला छात्राध्यापकांना एखाद्या शाळेत पाठवतात. त्याला आंतरवासिता असं भारदस्त नाव आहे. शाळेतला एक अनुभवी शिक्षक तुमचा मार्गदर्शक. त्याच्या वर्गावर तुम्ही शिकवायचं, त्यानं बघायचं आणि शेवटी मूल्यमापनाच्या तक्त्यावर शेरा लिहून सही करायची. तक्ता कॉलेजातून पुढे विद्यापीठात जातो आणि तुम्ही शिक्षक होता. मला माझगावची एक मराठी शाळा मिळाली आणि मार्गदर्शक म्हणून फिलोमिना टीचर. गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा फ्रॉक, पायात कॅनव्हासचे बूट, वडील आयुष्यभर गोदीत कामाला. वर्गात त्या पुस्तकातली मराठी बोलायच्या आणि व्हरांड्यात पाऊल टाकलं की 'काय गं बाय' सुरू. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बीएडवाले आलात की माझी पोरं पाहुण्यांच्या घरी गेल्यासारखी वागतात. तुम्ही गेलात की त्यांना परत माणसात आणायला मला महिना लागतो. तू जरा कमी बिघडव."

खोटं बोलत नव्हत्या. आमच्याकडे पाठाची टाचणं आयती मिळायची, फक्त नाव आणि तारीख बदलायची. थर्माकोलचा एक ज्वालामुखी मागच्या तुकडीकडून आमच्याकडे आला होता आणि आमच्याकडून पुढच्या तुकडीकडे गेला. परीक्षेच्या पाठाच्या आदल्या दिवशी तोच पाठ त्याच पोरांवर एकदा घेऊन ठेवायचा, म्हणजे परीक्षकांसमोर हात भराभर वर येतात, असं आमच्या प्राध्यापिकाबाईच सुचवायच्या. आणि सगळ्यांत वर ते शेरे. ते आम्हीच लिहायचे. पेन्सिलीनं. 'विषयाचे उत्तम ज्ञान', 'वर्गनियंत्रण चांगले', असलं काहीतरी. मार्गदर्शक शिक्षकानं त्याच अक्षरांवरून पेन फिरवायचं आणि खाली सही ठोकायची. शिक्षकाचा वेळ वाचला, मुख्याध्यापकांची कटकट वाचली, कॉलेजचा निकाल चांगला लागला. ज्या वर्गात हा नवा शिक्षक उद्या उभा राहणार, तो वर्ग या हिशेबात कुठेच नव्हता.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. करी रोडच्या आमच्या खोलीत पलंगाखाली कायम गठ्ठे असायचे. बाबा गिरणी बंद पडल्यावर घराच्या हक्काच्या लढ्यात होते आणि मला अक्षरओळख झाली ती त्या गुलाबी-पिवळ्या कागदांवर. मी तेच केलं जे घरात बघितलं होतं. एका पानाचं पत्रक लिहिलं, 'आमचे शेरे आम्हीच का लिहायचे?' बाबांनी ते चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि सहा मागण्यांतल्या पाच खोडल्या. "मागणी एकच ठेव. दुसरी दिसली की लोक म्हणतात, आधी ती द्या." उरलेली मागणी अशी होती: शेरा मार्गदर्शकानं लिहावा आणि खरा लिहावा. दादरला कॉलेजच्या फाटकाशी उभी राहून मी ते वाटलं. मुलींनी घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि वर्गात जाऊन पेन्सिलींना टोक केलं. मी मात्र माझा तक्ता कोरा ठेवला. तो पत्रकासकट टीचरसमोर नेऊन ठेवला आणि म्हणाले, "टीचर, जे खरं असेल ते तुम्ही लिहा."

त्यांनी पत्रक वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "नक्की?"

"नक्की."

"मग परीक्षेचा पाठ होऊ दे. तो बघते आणि लिहिते."

माझा परीक्षेचा पाठ भरती-ओहोटीचा होता. सातवीचा वर्ग. आदल्या दिवशी मी काहीही घेऊन ठेवलं नाही, त्याचा मला ताठा होता. परीक्षक खुर्चीवर बसले. टीचर नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर, दोन मुलींच्या मधे. मी सुरू झाले. चंद्र-सूर्य पाच मिनिटांत उरकले आणि घसरले ते समुद्र बुजवून जमीन कुणी केली, किनारा कुणाचा, गोदीवाल्यांच्या वस्तीला समुद्र दिसेनासा कुणी केला, यावर. सगळं खरं होतं. माझा आवाज चढत गेला. पोरं गप्प होती, आणि ती ऐकतायत म्हणून गप्प आहेत असं मला वाटत होतं. मधे प्रणाली नावाच्या मुलीनं हात वर केला. तिचे वडील धक्क्यावरच्या लाँचवर कामाला. ती म्हणाली, "ताई, पप्पा बोलतात पाणी रोज थोडं उशिरा येतं. असं का?" मी म्हणाले, "छान प्रश्न. शेवटी घेऊ." घंटा झाली. परीक्षकांनी मान डोलावली, चहा प्यायले, पुढच्या शाळेत गेले.

टीचरनी तक्ता चार दिवस ठेवून घेतला. पाचव्या दिवशी व्हरांड्यात हातात दिला. निळ्या शाईत, गोल अक्षरात लिहिलं होतं: 'अजून तयार नाही. मुलांचे ऐकून घेत नाही. आणखी दहा पाठ माझ्या वर्गावर घ्यावेत. मी बसेन.' खाली पूर्ण नावाची सही.

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. "टीचर, हे वर गेलं तर माझा निकाल राखून ठेवतील."

"ठेवतील. दहा पाठ घे, मी नवीन लिहून देते. तोपर्यंत हेच खरं."

"बाकीच्यांनी आदल्या दिवशी पाठ पढवून घेतले. त्या सगळ्या उत्कृष्ट. मी एकटी प्रामाणिक, आणि मी तयार नाही?"

"प्रामाणिक आहेस गं बाय. कोण नाही म्हणतंय?" त्यांचा आवाज जरासुद्धा वर गेला नाही. "पण प्रणालीनं तुझ्या अख्ख्या पाठाचा जीव तुझ्या हातात आणून दिला होता. तू म्हणालीस, शेवटी घेऊ. तू पोरांना शिकवत नव्हतीस, सभा घेत होतीस. सभेत कुणी हात वर करत नाही."

मी तो कागद घेऊन तडक दादरला कॉलेजात गेले. चीड होती. वाटत होतं, या बाईला पत्रक झोंबलंय म्हणून सूड घेतेय. आमच्या प्राध्यापिकाबाईंनी शेरा वाचला, हसल्या आणि खणातून दुसरा कोरा तक्ता काढला. "असल्या बायका असतात एकेक. हा घे. तूच लिही. सही मी मुख्याध्यापकांची आणवते, मार्गदर्शकाचीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? संध्याकाळपर्यंत दे पण, उद्या सगळे तक्ते जाणार." माझ्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत उरलेली पत्रकं. मी बाकावर बसले, पेन्सिल काढली... आणि लिहिलं. 'उत्कृष्ट. विद्यार्थ्यांशी उत्तम संवाद.' विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं. वेळ होता. दुपारचे बारा वाजले होते.

घरी बाबांनी विचारलं, "काय लिहिलं टीचरनी?" मी म्हणाले, "चांगलं लिहिलंय." त्यांनी पत्रकाची एक प्रत जपून ठेवली होती. लढून काही मिळवलं की ते कागद जपून ठेवायचे.

मग मी शिक्षक झाले. लिहूही लागले, शिक्षणातल्या बनवेगिरीवर. लोक म्हणतात, तुमच्या लिहिण्यात धार आहे. माझगावला मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. टीचर भेटल्या त्या एकदाच, गेल्या वर्षी, दादरच्या भाजी बाजारात. निवृत्त झाल्या होत्या, खूप वाळल्या होत्या, हातात मेथीची एक जुडी. मुख्याध्यापकांनी कुणाच्या तक्त्यावर सही केली हे त्यांना तेव्हाच कळलेलं असणार, शाळा केवढीशी. मी तयारीत उभी राहिले, काहीतरी बोलतील म्हणून. त्यांनी विचारलं, "कुठे असतेस?" मी म्हणाले, परळला, सातवी-आठवीवर. "पोरं बोलतात?" मी म्हणाले, "हो." त्या "बरं" म्हणाल्या आणि मेथीवाल्याशी पाच रुपयांवरून वाद घालायला वळल्या. मला तिथेच त्यांचा हात धरून सांगता आलं असतं. मी रस्ता ओलांडला.

चर्चमध्ये मी मागे उभी होते. प्रार्थना संपल्यावर एक उंच मुलगी माझ्यासमोर येऊन थांबली. "ताई, ओळखलंत? प्रणाली. लाँचवाल्यांची." मी ओळखलं नव्हतं. ती नर्सिंग करतेय. रडून तिचे डोळे सुजले होते, तरी हसली. "तुम्ही आलाच नाहीत परत. टीचरनी बुधवारचा शेवटचा तास तुमच्यासाठी मोकळा ठेवला होता. आम्हाला सांगितलं होतं, ताई दहा पाठ घेणार आहेत, त्यांना त्रास देऊ नका. त्या मागे येऊन बसायच्या आमच्यात. आम्ही विचारायचो, ताई कधी येणार? त्या बोलायच्या, थांबा जरा. मग दहाएक मिनिटांनी उठून स्वतः शिकवायच्या. सहामाहीपर्यंत केलं त्यांनी असं." मग म्हणाली, "पाणी उशिरा का येतं ते त्यांनीच सांगितलं मग." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आता इथून पुढचं या पाच आठवड्यांतलं आहे. सध्या माझ्याच सातवीवर एक छात्राध्यापिका आहे. माझ्याच कॉलेजची. तिला इथे सायली म्हणते, हे तिचं खरं नाव नाही. हुशार आहे, मेहनती आहे, घाबरट आहे. प्रश्न विचारते आणि पोरांनी श्वास घ्यायच्या आत उत्तरही स्वतःच देऊन टाकते, कारण शांतता झाली की तिला वाटतं आपण नापास. मागच्या आठवड्यात तिनं माझ्यासमोर तक्ता ठेवला. पेन्सिलीनं भरलेला. 'विद्यार्थ्यांशी उत्तम संवाद.' अगदी तेच तीन शब्द... मी पेन उचललं आणि परत ठेवलं.

"सायली, यावर मी पेन फिरवणार नाही. माझ्या मनातलं लिहीन. अजून पाठ घ्यावे लागतील तुला."

ती पांढरी पडली. "मॅडम, सगळ्यांच्या सह्या झाल्यात. माझीच राहिलीय. शुक्रवारी तक्ते जाणार."

"माहितीय."

"तुमच्या वेळीही असंच होतं ना? तुमचा शेरा कुणी लिहिला होता?"

खोटं बोलणं सोपं होतं. आठ वर्षांचा सराव होता. मी तिला सगळं सांगितलं. पत्रक, भरती-ओहोटी, निळी शाई, दुसरा तक्ता, बुधवार. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला, आणि तो दयेनं बदलत नव्हता.

"म्हणजे खोट्या शेऱ्यावर तुम्ही इथे बसलाय," ती म्हणाली, "आणि खरा शेरा माझ्या वाट्याला. तुमची टीचर गेली म्हणून तुम्हाला आता जाग आली. त्याचं मी का भरायचं?"

ती तक्ता उचलून निघून गेली. जाऊन दुसरा कोरा घेऊ शकते, कुठल्या खणात असतात ते मला ठाऊक आहे. तिला अडवायचा अधिकार मला तेव्हाच असेल जेव्हा मी आधी माझा शेरा खोडेन. म्हणून मी दोन गोष्टी केल्या. कॉलेजला आणि आमच्या मुख्याध्यापिकांना अर्ज दिला, की माझ्या आंतरवासितेच्या तक्त्यावरचा शेरा मी स्वतः लिहिलेला आहे आणि खऱ्या मार्गदर्शकाचा शेरा वेगळा होता. त्याचं पुढे काय होईल मला माहीत नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वेडी आहेस का?" आणि अर्ज पेपरवेटखाली ठेवला. बाबांना सांगितलं. ते उठून आत गेले आणि जपलेलं ते पत्रक आणून माझ्या हातात दिलं. त्यांना ते आता ठेवायचं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हा लेख. छापायला देण्याआधी तो इथपर्यंतचा मी सायलीला वाचायला दिला. गुरुवारी, तक्ते जायच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात. तिनं उभ्याउभ्याच वाचला. एका ठिकाणी थांबून म्हणाली, "घाबरट नाहीये मी." मी म्हणाले, बघू. तिनं शेवटपर्यंत वाचलं, पानं सारखी केली, मग उलटी करून मागे बघितलं.

"खाली नाव कुणाचं जाणार?"

"माझं. पूर्ण."

तिनं पिशवीतून तक्ता काढून टेबलावर ठेवला. पेन्सिलीची अक्षरं खोडलेली होती. कागद तेवढ्या जागी मळला होता.

"उद्या कुठला तास घेऊ?"

वृषाली रमेश सावंत