केळीची गोधडी

थंडी पडली की माझी सून उजाडताच माझ्या अंगावरची गोधडी ओढते. तिला घड्या घालायची घाई. मला मात्र चोपड्याकडचा आमचा केळीचा मळा आठवतो.

लग्नानंतरचा पहिलाच हिवाळा, पन्नास-बावन्न सालचा. माझं माहेर दोंडाईच्याच्या बाजारपेठेतलं. केळी मी फक्त खाल्ली होती. खोडांभोवती लोंबणारी वाळकी पानं मला पसारा वाटली आणि कौतुक होईल म्हणून मी विळ्यानं दोन ओळी साफ करून टाकल्या.

तेवढ्यात सासरे आले. आबा सुनांशी थेट बोलत नसत. मी पदर सावरून बाजूला झाले. उघड्या खोडावर हात ठेवून ते केळीलाच म्हणाले, "माय, इतली थंडीमा तुनी गोधडी कोनी काढी वं?"

मग पुढच्या ओळीतलं एक गुंडाळलेलं पान त्यांनी बोटानं अलगद उघडलं. आत अंगठ्याएवढं वटवाघूळ पंख मिटून झोपलेलं होतं. पान पुन्हा मिटत ते हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे माय, आत कोनी झोपेल शे."

नंतर आम्ही दोघांनी कापलेली पानं सुतळीनं खोडांना परत बांधली. तेव्हा लाजेनं माझे कान तापले होते. आता वाटतं, इतक्या मायेनं मला पुन्हा कोणी रागावलंच नाही.

आज सकाळी सुनेनं गोधडीला हात घातला, तेव्हा मी आतूनच म्हणाले, "ऱ्हाऊ दे माय, आत कोनी झोपेल शे."