सावरगावच्या विहिरीचा आलेख

तार आली तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. शिपायानं ती दाराशी दिली आणि तिथंच उभा राहिला. कुमुद आजारी आहे, लगेच या... एवढाच मजकूर होता. मिळेल त्या गाडीनं मी आणि तिची आई नागपूरला पोचलो, दवाखाना शोधला, आणि आत गेलो तर तिच्या खाटेवरची चादर बदललेली होती. टायफॉइड. परीक्षा जवळ आली म्हणून पोरीनं ताप अंगावर काढला होता. शवागारात तिला पाहिलं तेव्हा चेहरा इतका उतरलेला, की तिची आई आधी वेणीच चाचपत राहिली. वेणीवरूनच ओळख पटावी तशी.

बापानं मुलीवर लिहावं ही उलटी रीत झाली. तरी लिहितो आहे, कारण आमच्या पांढुर्ण्यात पुष्कळांना ती गुरुजींची शिकणारी पोरगी एवढीच ठाऊक होती. विज्ञान शिकायला ती नागपूरला गेली आणि थोड्याच काळात राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात भाषा मराठी, शाळेचे कागद हिंदीत, आणि मुलगी दुसऱ्या राज्यात. स्टेशनवर तिला पोचवताना माझा जीव उगाच खालीवर व्हायचा. ती खिडकीतून म्हणायची, "बाबा, गाडी तर तीच आहे न. तुम्ही कशाले एवढी काळजी करून राहिले?"

एम.एस्सी.ला तिनं विहिरींच्या पाण्यातले जंतू मोजायचं काम घेतलं, आणि त्यासाठी आमच्या पलीकडचं, जाम नदीपल्याडचं सावरगाव निवडलं. आदल्या पावसाळ्यात तिथल्या एका आळीत हगवणीनं लेकरं दगावली होती. उकळून घेतलेल्या बाटल्यांत पाणी भरायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून नागपूरला न्यायचं, असं वर्षभर चाललं. मग सुटीत घरी येऊन तिनं आलेख काढला. आडव्या अक्षावर महिने, उभ्यावर जंतू. उन्हाळ्यात शेकड्यांनी असणारे जंतू पावसाळ्यात लाखांवर जात होते. एवढे आकडे एका कागदावर मावेनात, शून्यांचीच गर्दी व्हायची. म्हणून तिनं दहाचे घात लिहिले. दहावर दोन म्हणजे शंभर, दहावर तीन म्हणजे हजार, असं प्रत्येक घर खालच्याच्या दहापट. मी आयुष्यभर हेच शिकवत आलो, पण इतका नीटस कागद माझ्या हातून कधी झाला नाही.

तो कागद घेऊन आम्ही सावरगावच्या चावडीवर गेलो. विहिरीत दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकायला गाव राजी व्हावं, एवढंच तिला हवं होतं. लोकांना ते नको होतं. पाण्याला वास येतो, डाळ शिजत नाही, म्हणायचे. कुमुदनं सगळं समजावून सांगितलं. गावचे म्हातारे पाटील कागदाजवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "पोरी, हे रेघ तर दोनातून सहावरच गेली. चार आकड्यांसाठी आमचं पाणी काहून नासवतं?" लोक उठून गेले. परतताना नदीत पाय घालून ती जरा वेळ उभी राहिली. मला वाटलं, रडते आहे. ती म्हणाली, "त्यांचं काही चुकलं नाही, बाबा. मी प्राध्यापकांसाठी लिहिलं होतं. ज्यांची लेकरं गेली त्यांच्यासाठी नाही लिहिलं."

दुसऱ्या दिवशी तिनं उभा अक्ष पुन्हा मांडला. रेघ तीच, घरंही तीच. पण घाताऐवजी प्रत्येक घरापुढं आकडा पुरा उघडून लिहिला आणि शेजारी अक्षरात शंभर, हजार, दहा हजार, लाख, दहा लाख. डावा समास अर्धा कागद खाऊन गेला. आलेख बेढब दिसत होता, पण तिनं तोच चावडीवर लावला. या खेपेला पाटील सगळ्यात वरच्या आकड्यातली शून्यं बोटानं मोजत गेले. बोट थांबलं.

"हे आमच्या पुऱ्या विहिरीत?"

"नाही, काका. चमचाभर पाण्यात."

मागं उभ्या असलेल्या एका बाईनं पदर तोंडाशी नेला. तिचं लेकरू त्या पावसाळ्यात गेलं होतं... पाटील खाली बसत म्हणाले, "टाका बाप्पा, काय टाकायचं ते." यंदाच्या पावसाळ्यात त्या आळीत लेकरू दगावलं नाही. ही बातमी कळवायची म्हणून मी पोस्टकार्ड आणून ठेवलं होतं, आणि तार आली.

गावागावांचं पाणी तपासणाऱ्या माझ्या मुलीनं कुठलं पाणी प्यायलं असेल, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही. उत्तर मिळून तरी काय होणार.

तिच्या खोलीत टेबलावर एक नवा कागद टाचण्यांनी बसवलेला आहे, लोधीखेड्याच्या विहिरींचा. तिची एक पद्धत होती. अक्षावर आधी सगळे दहा एकाखाली एक लिहून घ्यायची, शाई वाळू द्यायची, आणि मग बारीक टाकानं, श्वास रोखून, प्रत्येकाच्या डोक्यावर घात चढवायची. या कागदावर नुसते दहा आहेत. खालपासून वरपर्यंत सगळे सारखे. परवा तिची आई धूळ पुसता पुसता थांबली.

"यात काय राहिलं होतं तिचं?"

"वरचे बारीक आकडे."

"तुमाले येतात न ते?"

"येतात."

मग टाक उचलून तिनं माझ्या हातात दिला. मी तो बुडवला, कागदावर वाकलो... शाईचा थेंब निबावर जमला, तसा तिनंच माझा हात धरून बाजूला घेतला. "राहू द्या," म्हणाली, "कागदावर नुसतं तिचंच अक्षर आहे, तसंच राहू द्या."