दुर्गाबाईंची भाकर आणि आमच्या यांचा फेटा

गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं आणि आमच्या घरात बुधवारपासूनच धुसफूस चालू होती. कारण काय, तर दुर्गाबाईंचा पदर.

दुर्गाबाई मिशनच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकतात. बार्शीकडच्या ब्राह्मण घरातल्या बालविधवा. लहानपणीच केशवपन झालं, आणि तेव्हापासून लाल आलवणाचा पदर डोक्यावरून कधी खाली आला नाही. दोन वर्षांपूर्वी त्या इकडे आल्या, केस वाढवले, नाताळात बाप्तिस्मा घेतला. रविवारी त्यांना पहिल्यांदा प्रभूची भाकर, म्हणजे त्याच्या आठवणीत सगळ्यांना वाटतात ती, मिळायची होती.

आणि या बाई चर्चमध्ये डोक्यावर पदर घेत नाहीत!

आमच्यात सगळ्या बायका घेतात. मीही घेते... शास्त्रात लिहिलंय म्हणून की आईनं शिकवलं म्हणून, ते मला विचारू नका. ख्रिस्ती झाल्यावर कुंकू गेलं, हिरव्या बांगड्या गेल्या, पदर तेवढा राहिला.

मग मंडळीच्या वडिलांची, म्हणजे चर्चच्या पंचांची, बैठक झाली. पाळकसाहेब भले गृहस्थ, त्यांचं ना हो ना नाही. ठरलं असं की डोक्यावर पदर नसेल तर भाकरीचं ताट दुर्गाबाईंना न देता तसंच पुढे न्यायचं. हे सगळ्यात मोठ्यानं म्हणणारे कोण, तर आमचे हे. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम आहेत, तोच आवाज चर्चमध्येही लागतो.

दुर्गाबाईंना निरोप सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पदर डोक्यावर आला की केस पुन्हा गेल्यासारखं वाटतं हो," म्हणाल्या. "मी येईन. भाकर नाही दिली तर नुसती बसून राहीन."

मला फार वाईट वाटलं. पण मी तरी काय करणार... मिशनच्या शाळेत मी चाळीसभर मुलींना गप्प बसवते, पण वडिलांच्या बैठकीत बाईला जागा नाही. आणि बायकोनं अधीन राहावं, हे तर आमच्या घरी मिठासारखं रोज ताटात असतं.

इंग्रजांच्या लष्करी अंमलात पांढऱ्या टोपीपायी लोक तुरुंगात गेलेले या सोलापूरनं पाहिलेत. आता पदर.

रविवारी सकाळी हे फेटा बांधायला उभे राहिले. दुसरं टोक ताणून धरायचं काम लग्नापासून माझं. समोर शास्त्र उघडं ठेवून हे पदराचा उतारा मला पुन्हा वाचून दाखवू लागले. मी म्हटलं, "अहो, त्याच्या वरची ओळही वाचा की."

वरच्या ओळीत असं आहे की पुरुषानं प्रार्थनेच्या वेळी डोकं झाकू नये.

आता आमच्या चर्चमध्ये सगळे पुरुष फेटा, पागोटं नाहीतर टोपी घालूनच बसतात. चपला बाहेर आणि फेटा डोक्यावर, ही आमची देवापुढची अदब. मला वाटलं, चला, दुर्गाबाईंचं काम झालं. पण यांनी टोक माझ्या हातातून काढून घेतलं आणि फेटा गुंडाळून खुंटीला लावला. "मग मी बी न्हाय बांधत. नियम म्हंजे नियम!"

निघाले की बोडक्या डोक्यानं...

आपल्याकडे पुरुष माणूस उघड्या डोक्यानं रस्त्यावर आला म्हणजे घरात मयत, हे लहान पोरालाही कळतं. चाळीच्या दारातच शेजारच्या नरसम्मा हातमागावरून उठून धावत आल्या. "काय झालं ओ, कोण गेलं?" "कोन न्हाय गेलं," हे म्हणाले आणि चालू लागले.

कोपऱ्यावर यांच्या खात्यातले दोन कामगार उभे होते. अशा वेळी विचारत नसतात, म्हणून ते काही न बोलता आमच्या मागून निघाले. मग पानवाला निघाला, मग आणखी कोणी. चर्चच्या फाटकाशी पोचेपर्यंत मागे सात-आठ माणसं खाली माना घालून! एकानं हळूच मला विचारलं, "वैनी, मयत कुटं हाय?"

मला हसू आवरेना. यांचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं.

चर्चमध्येही तीच तऱ्हा. कपाळ उन्हानं रापलेलं, वरचं टक्कल पांढरंफटक... सगळी मंडळी उपासना सोडून तेच बघत होती. यांचा हात सारखा डोक्याकडे जायचा आणि परत यायचा.

बायकांच्या बाजूला भाकरीचं ताट फिरवायची पाळी नेमकी यांचीच. दुर्गाबाई माझ्या शेजारी उघड्या डोक्यानं, मान खाली घालून बसल्या होत्या. हे त्यांच्यापुढे आले आणि थांबले. थांबलेच...

मग वाकून ताट पुढे केलं. "घ्या, ताई."

उपासना संपल्यावर दुसऱ्या एका वडिलांनी यांना अंगणात गाठलं. ठरलं काय होतं आणि तुम्ही केलं काय, म्हणून चांगलेच तापले होते.

"मला येका सकाळीतच लई झालं," हे म्हणाले. "माजं डोस्कं बघून लोकं मयत शोदत मागं आली. त्या बाईचं डोस्कं बघून जन्मभर तेच केलं असंल की लोकांनी."

पुढच्या बैठकीत काय ठरेल ते ठरेल.

काल मधल्या सुट्टीत दुर्गाबाई माझ्या शाळेत आल्या. केस आता खांद्याला लागतात, पण वेणी कशी घालतात तेच त्या विसरून गेल्यात. मी त्यांना पायरीवर बसवलं, तीन पेड केले आणि एकेक त्यांच्या बोटांत दिला.

वीतभर वेणी झाली. त्या मागे हात नेऊन ती पुन्हा पुन्हा चाचपत राहिल्या, आणि मी मनातल्या मनात प्रभूचे आभार मानले... आणि यांचेही.