आत्याच्या गाण्याचं शेवटचं कडवं

त्या अल्बमचं नाव मी घेणार नाही. घ्यायची गरजही नाही. मानवतच्या बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीपासून परभणीच्या जिमपर्यंत तोच वाजतोय. सिंथ-पॉप म्हणतात त्याला. ढोलकी नाही, पेटी नाही, सगळा कारभार कीबोर्डवर आणि कॉम्प्युटरवर. वर सामाजिक आशयाचा मुलामा. एक गाणं जातीवर, एक पाण्यावर, आणि दोन्हींवर पोरं रील बनवून नाचतात. खप म्हणाल तर विचारू नका. मला त्या अल्बमचा संताप येतो.

कारण त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं माझ्या आत्याचं आहे.

आत्या वालूरची. अंगणवाडीत सेविका होती, आता निवृत्त. तोंडाची फटकळ, भांडायला कुणाच्या बापाला न भिणारी. चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी ती दरवर्षी नवं गाणं रचते. हे गाणंही तिनंच रचलेलं, तिच्या आईच्या काळावर. विहिरीपासून लांब घागर घेऊन उभं राहायचं आणि कुणाला दया येऊन पाणी ओतलं जाईपर्यंत वाट बघायची, ते सगळं त्यात आहे. आमच्याकडे गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. नाव आलं की लोक टाळ्या वाजवतात. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते गाण्यातच ऐकलं जावं असा तिचा हट्ट आहे.

बँडवाले तिघं पुण्याहून आले. विहाराच्या ओट्यावर बसून आत्याच्या हातचं पिठलं-भाकरी चापली, गाणं रेकॉर्ड केलं, अंगावर काटा आला म्हणाले आणि गेले. आत्या फोनवर मला सांगत होती, "लय गुणाची पोरं हायेत गं. आता माझं नाव पुण्यात वाजतंय बघ."

अल्बम आला तेव्हा मी मुद्दाम वालूरला गेले. मोबाइल मधे ठेवून आम्ही दोघी ऐकत बसलो. खाली धडधड, वर तिचा आवाज. आत्या मांडीवर ठेका धरून शेवटच्या कडव्याची वाट बघत होती. गाणं संपलं.

"मागं घे की," ती म्हणाली. "माझं नाव सुटलं."

मी मागे घेतलं. नाव सुटलं नव्हतं, काढलं होतं. गाण्याखाली माहितीत लिहिलं होतं: पारंपरिक, मराठवाडा. जिवंत बाई समोर सुपारी कातरत बसलीय आणि हे म्हणतात पारंपरिक!

मी बँडमधल्या एकाला फोन लावला. त्याचा आवाज अगदी मऊ. म्हणाला, "ताई, नाव आलं की ते एकटीचं गाणं होतं. आम्हाला ते सगळ्या स्त्रियांच्या वेदनेचं करायचं होतं."

"मग अल्बमवर तुमची तिघांची नावं कशाला?" मी विचारलं. तो म्हणाला, टीमशी बोलून कळवतो. अजून बोलतोच आहे.

आत्याला मी म्हटलं, केस करू. तिनं मलाच झापलं. "केस कशाला? मी हाय की जिती. मी म्हणीन, लोकं ऐकतील."

यंदा बुद्धपौर्णिमेला विहारात पोरींनी तिच्याकडे तेच गाणं मागितलं. आत्या खुलली. पदर खोचून उभी राहिली. पोरी अल्बमच्या ठेक्यावर टाळ्या धरत होत्या, तरी तिनं आपली चाल सोडली नाही. शेवटचं कडवं आलं, तिनं नाव घेतलं, आणि टाळ्या अडखळून थांबल्या. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेजारच्या घरातली एक पोरगी, जिला आत्यानंच अंगणवाडीत बडबडगीतं शिकवली, ती प्रेमानं म्हणाली, "आत्या, हे गाण्यात न्हाई. तुमी मनानं घालायलात."

आता आत्या त्या पोरीचं काही ठेवत नाही, असं मला वाटलं. मी तर वाटच बघत होते.

आत्या तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "चुकलं बाई." आणि ते कडवं सोडून तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. यावेळी टाळ्या कुठेच अडखळल्या नाहीत.