लपलेली फाईल मी बदलली होती

मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत मी सचिव होतो. दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. खलाशांना फोटोची ओळखपत्रं द्यायचं काम आमच्याकडे आलं आणि त्यासाठी कॉम्प्युटर आणला. पुण्याच्या ओळखीच्या इंजिनिअरने त्यावर लिनक्स घालून दिलं. फुकट असतं आणि व्हायरस लागत नाही, एवढंच समितीला पटलं होतं. कार्डं काढायला एक मुलगी ठेवली. नेमणूक तात्पुरती, समितीच्या मर्जीवरची. बंदरावरच्या मुसलमान घरातली होती. वडील आजारी होऊन कुवेतहून परतलेले, घर तिच्या पगारावर.

मला ती पहिल्यापासून खटकली. पाणी प्यायला उठली तरी स्क्रीनला कुलूप लावून उठायची. मॉनिटर भिंतीकडे वळवलेला. विचारलं तर म्हणे, खिडकीचा उजेड पडतो. तिच्या मोहल्ल्यातल्या बोटींची कार्डं आधी निघतात, असं माझ्या मनाने घेतलं. ताडून पाहिलं नव्हतं. ती दुसऱ्या कुणा घरातली असती तर असं वाटलं असतं का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती. बोटी सुटायच्या आत कार्डं हवी होती. एका दुपारी ती मागच्या पडवीत डबा खायला गेली आणि कुलूप लावायला विसरली. मी तिच्या खुर्चीत बसलो. कार्डांचा प्रोग्राम 'कार्ड' नावाच्या वेगळ्या खात्यात होता. ती स्वतःच्या खात्यात शिरायची, मग स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाईप करून 'कार्ड' व्हायची आणि तिथून प्रोग्राम उघडायची. मी पाठीमागून जाता-येता पाहून ठेवलं होतं. तसंच केलं. 'कार्ड'चा पासवर्ड माझ्याकडेही होता. तो चालला, प्रोग्राम मात्र उघडेना. उत्तर आलं, परवानगी नाही, स्क्रीन उघडता येत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी सचिव, पासवर्ड बरोबर, आणि मलाच परवानगी नाही! हिने काहीतरी करून ठेवलंय, माझी खात्रीच झाली.

इंजिनिअरने एक वही लिहून दिली होती. जो स्क्रीनसमोर बसलेला असतो त्याच्या खात्यात एक लपलेली फाईल असते, ती त्या स्क्रीनची किल्ली, असं तीत होतं. सगळ्या खात्यांवर चालणारा मुख्य पासवर्ड माझ्याकडे होता. तो वापरून ती फाईल मी तिच्या नावावरून काढून 'कार्ड'च्या नावावर केली. प्रोग्राम लगेच उघडला. यादी चाळली. गैर काहीच सापडलं नाही, तर उलट वाटलं, लपवलं असणार. पडवीत डबा धुतल्याचा आवाज आला तसं मी मशीन बंद केलं.

"लाईट गेली होती," तिला म्हटलं.

तिने मशीन लावलं, नाव घातलं, पासवर्ड घातला. स्क्रीन काळी झाली आणि परत नाव विचारू लागली. तीन वेळा झालं. एव्हाना बाकावर येऊन बसलेल्या खलाशांतला एक म्हातारा म्हणाला, "काय गो, मशीन रुसला काय?"

"रुसला नाही मामू, मला ओळखतच नाही."

"मग आधी तुझा कार्ड काढ!"

सगळे हसले. ती हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, मी जेवायला गेले तेव्हा इथं कोणी बसलं होतं का?"

"कोण बसणार?"

संध्याकाळी समितीला मी सांगितलं, ती आपल्या मोहल्ल्यातली कार्डं पुढे ओढते आणि यादी दाखवावी लागेल म्हणून ती मशीन बिघडल्याचं सोंग करते आहे. दुसऱ्या दिवशी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "कुणाचं कार्ड मी पुढे ओढलं, ते तरी दाखवा." माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

ती गेल्यावर इंजिनिअरला फोन लावला. त्याने मला फाईलच्या मालकाचं नाव वाचायला लावलं.

"कार्ड," मी वाचलं.

"मग ती आत जाणार कशी? तिची किल्ली दुसऱ्याच्या नावावर! कुणी केलं हे?"

"कुणास ठाऊक."

त्याने फाईल तिच्या नावावर परत करायला लावली. दोन मिनिटांचं काम. मग म्हणाला, "स्क्रीनसमोर बसलेल्या माणसानेच दुसऱ्या खात्याला परवानगी द्यायची असते. एका ओळीचा हुकूम आहे. काम झालं की काढून घ्यायची. मीच शिकवलंय तिला. तिला विचारलंत का?"

नंतर यादी अर्जांशी ताडली. कार्डं अर्ज आले त्याच क्रमाने निघाली होती. तिचं घर चालत दहा मिनिटांवर. मी गेलो नाही.

काही वर्षांनी ती एसटी स्टँडवर भेटली. एका कॉम्प्युटर क्लासात शिकवत होती. मी तिथेच सगळं सांगून टाकलं.

"मला तेव्हाच कळलं होतं, काका. मुख्य पासवर्ड तुमच्याकडेच तर होता."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणापुढे बोलणार? समितीपुढे तुम्हीच बसलेले." मग म्हणाली, "अब्बांना अजून वाटतं, माझ्या हातून काहीतरी झालं असेल. लोक बोलले ना तेव्हा. सही करून लिहून द्या."

देतो म्हटलं. घरी येईपर्यंत मनात आलं, हा कागद घेऊन ही करणार काय? कुणाकुणाला दाखवणार? संशय पुन्हा तिच्यावरच. त्या संशयापायी आणखी दोन वर्षं घालवली.

तर लिहून देतो. ती फाईल मी बदलली. तिने काही केलं नव्हतं. एक प्रत सोसायटीला देईन आणि दुसरी तिच्या घरी स्वतः नेईन. तिच्या अब्बांना आता कमी दिसतं असं ऐकलं, म्हणून त्यांच्या प्रतीत अक्षर मोठं काढलं आहे.