कॉबलर म्हणजे बट्टी नव्हे

परीक्षक मॅडमनी चमच्याने वरचा एक तुकडा उचलला आणि उलटा केला. खालची बाजू कोरडी होती. त्यांनी दुसरा तुकडा उलटा केला. तोही कोरडा.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"कॉबलर," ताराअक्का म्हणाल्या.

"याला कॉबलर म्हणत नाहीत."

"मॅडम, बट्टी शे ना ती. सरनीच सांगं व्हतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, तरी पाहिलं.

धुळ्यात बायकांसाठी बेकरीचा एक सहा महिन्यांचा कोर्स चालतो, तिथे मी शिकवतो. आधी हॉटेलांच्या बेकरीत बरीच वर्षं काढली. घर जळगावला, पण सासुरवाडी धुळ्यात, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस मी सासूबाईंच्या घरी जेवतो आणि बायको जळगावला सुखात राहते. आमच्या संसारातला हा सगळ्यात गोड काळ आहे, असं तीच सांगते.

ताराअक्का माझ्या वर्गातल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. वीस वर्षं एका खानावळीत भाकरी-पोळ्या केल्या. खानावळ बंद पडली. हायवेवरच्या एका हॉटेलमालकाने त्यांना सांगितलं होतं, "सर्टिफिकेट आणा, बेकरी सेक्शनला घेतो." म्हणजे त्या दिवशीचं प्रॅक्टिकल पास झालं तर नोकरी, नाही तर पुन्हा कोणाच्या तरी लग्नात पुऱ्या लाटणं. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

चिठ्ठीत त्यांना कॉबलर आला. फळ पेरू.

आता हा गोंधळ कळायचा तर थोडी माहिती लागेल. फळ घालून ओव्हनमध्ये भाजायचे गोड पदार्थ पुष्कळ आहेत आणि नवशिक्याला ते सगळे सारखेच दिसतात. खाली फळ, वर काहीतरी मैद्याचं. फरक त्या 'काहीतरी'त असतो. पायमध्ये मैदा आणि थंड लोण्याची पोळी लाटून फळ तिच्यात बंद करतात. क्रंबलमध्ये मैदा, साखर, लोणी बोटांनी चोळून भुगा करतात आणि तो फळावर नुसता भुरभुरवतात, दाबायचा नाही. त्यात ओट्स घातले की झाला क्रिस्प. कॉबलरमध्ये सैलसर पिठाचे गोळे कच्चेच फळावर सोडतात. वरून ते तांबूस होतात, खालून फळाचा रस पिऊन मऊ. वर कडक, खाली लुसलुशीत, हीच त्याची ओळख.

हे मी वर्गात असंच सांगितलं असतं तर ही गोष्ट घडली नसती. पण मला सोपं करून सांगायची हौस. आमच्या घरात लग्नाकार्यात किस्से सांगायचं काम माझ्याकडेच असतं, त्यामुळे समोर चार माणसं बसली की मला राहवत नाही. मी म्हणालो, "बायांनो, पाय म्हणजे भाजलेली मोठी करंजी. क्रंबल म्हणजे वळायच्या आधीची नानखटाई. आणि कॉबलर म्हणजे आपली वरण-बट्टी. फळ हे वरण, वरचे गोळे ही बट्टी."

वर्ग खूश झाला. एकीने वहीत बट्टीचं चित्रसुद्धा काढलं. मी त्या संध्याकाळी सासूबाईंकडे दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आमच्याकडची बट्टी कशी करतात, ते मी विसरलो होतो. म्हणजे खाताना कोण आठवतं? कणीक घट्ट मळायची, वळकट्या करून आधी उकडायच्या, मग कापायच्या, मग तुपात तळायच्या. ताराअक्कांनी तेच केलं. पीठ घट्ट मळलं, उकडलं, सुरीने सारखे तुकडे कापले, पेरूवर ओळीने मांडले, लोणी लावलं आणि ट्रे ओव्हनमध्ये ढकलला. गॅसवर उकडायचं भांडं चढलेलं मी पाहिलं होतं. मला वाटलं, पेरू मऊ करताहेत. बरं, परीक्षेत आम्हाला बोलायला बंदी.

एकदा उकडलेलं पीठ रस कशाला पितंय? पेरूचा रस खाली राहिला आणि बट्ट्या त्याच्यावर अंग चोरून बसल्या.

"हे तुम्ही शिकवलंत?" मॅडमनी मला विचारलं.

"शिकवलं नाही. उपमा दिली होती."

"उपमेला मार्क देता येत नाहीत."

अक्कांचा चेहरा उतरला. त्या ओल्या फडक्याने आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसू लागल्या. मला ते बघवेना. केंद्राचे प्रमुख पवार सर दारात उभे होते, त्यांना मी म्हणालो, "सर, चूक माझी आहे. वेळ अजून आहे. एक संधी द्या."

"माझ्या हातात काय आहे? मॅडमना विचारा."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "फळ शिल्लक आहे?"

"शे," अक्का म्हणाल्या.

"मग करा पुन्हा. सरांनी मात्र तोंड उघडायचं नाही."

"याची त्यांना सवय नाही," पवार सर म्हणाले.

अक्कांनी पेरू चिरले, साखर-लिंबू घातलं, मैदा चाळला. आणि त्यांचा हात पुन्हा त्या उकडायच्या भांड्याकडे गेला. मी खोकलो. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की खोकला जागच्या जागी बरा झाला.

भांडं हातात धरून अक्का थांबल्या. मग सरळ मॅडमनाच विचारलं, "उकाडानी नही का?"

"नाही."

"मंग आतमधून कच्ची नही राव्हाव?"

नियमाने मॅडमनी उत्तर द्यायला नको होतं. पण त्याही मूळच्या शिक्षिकाच. म्हणाल्या, "घरी चकोल्या करता ना? उकळत्या वरणात पोळीचे कच्चे तुकडे सोडता, ते कशावर शिजतात?"

"वरनवर."

"मग झालं तर."

अक्कांनी भांडं परत जागेवर ठेवलं. पीठ सैल भिजवलं, चमच्याने गोळे सोडले. माझं तासाभराचं व्याख्यान मॅडमनी एका चकोलीत गुंडाळलं, हे मी तिथेच उभं राहून पाहिलं.

दुसरा ट्रे निघाला तेव्हा कडेने गुलाबी रस बुडबुडत होता. मॅडमनी तुकडा उलटा केला. खालून ओला, मऊ. त्यांनी खाल्ला आणि मार्क लिहिले. आठवड्याने निकाल लागला. अक्का पास झाल्या. फार वरच्या नंबराने नाही, पण हॉटेलमालकाला नंबराशी देणंघेणं नव्हतं. पहिला ट्रे परीक्षेच्या दिवशीच आम्ही स्टाफने तूप घालून संपवला होता. पवार सरांनी दोनदा घेतला.

मध्यंतरी बायकोला घेऊन त्या हॉटेलात गेलो. अक्का पांढरी टोपी घालून बाहेर आल्या, गरम कॉबलरची वाटी स्वतः आणून ठेवली. मेनूकार्डावर पाय, क्रंबल, कॉबलर तिन्हींसाठी मिळून एकच नाव छापलं होतं: 'गरम फ्रूट केक'.

"हे काय हो अक्का?"

"काय सांगू सर, मालकले बठ्ठं एकच दिखस."

"मग ऑर्डर आली की तुम्ही काय देता?"

"जे चांगलं जमेल व्हई ते."

बायको म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरं शिकवतील या." वाटी तिने एकटीनेच संपवली.

मी अजून उपमा देतो, सवय सुटत नाही. फक्त आता ट्रे ओव्हनमधून बाहेर आल्यावर देतो. त्याआधी दिली की बायका ती करून बघतात.